‘पोट्टे हायेत, चिडवतीनच’ म्हणणाऱ्या मोठ्या माणसास

राजेहो,

तुमचं नाव घालत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. पारावर तुम्ही, शिक्षकांच्या खोलीत तुम्ही, लग्नाच्या मांडवातही तुम्हीच. शाळेतून रडत आलेल्या लेकरासाठी तुमच्याकडे एकच औषध: ‘पोट्टे हायेत, चिडवतीनच.’ वा! लेकरू दुसऱ्याचं रडतं आणि तुमची जबाबदारी संपते.

डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 आठवा. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत डोक्यावरून हात फिरवला की केस मुठीत येत होते. काही दिवसांत टक्कल. 18 गावांतली 279 माणसं यात सापडली. कॉलेजची पोरं आणि तरुण मुली त्यात पुष्कळ. पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपास केला आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणजे लेकरांनी केलं काय, तर घरची पोळी खाल्ली. पण कारण कळायच्या आधीच ‘टक्कल व्हायरस’ हे नाव सगळीकडे झालं होतं. ठरलेली लग्नं मोडली, शिक्षण अडलं. लाजेपायी कितीतरी जणांनी उरलेले केसही उतरवले. केस गव्हानं नेले असतील. चारचौघांत जायची हिंमत तुमच्या हसण्यानं नेली.

हे हसू वर्गात रोज कुणाच्या तरी वाट्याला येतं. रंगावरून, तोतरेपणावरून, जातीवरून, उसवलेल्या गणवेशावरून. मुलीच्या डोक्याला गुंडाळलेला रुमाल मागून ओढणारा हात तेरा वर्षांच्या पोराचा असतो. पण त्याआधी त्यानं मोठ्यांना तशाच डोक्यावर खिदळताना पाहिलेलं असतं. म्हणून हे पत्र त्याला नाही, तुम्हाला.

आता आईबाप काय करतील, तेही ऐकून ठेवा. ‘लक्ष देऊ नको’ म्हणणार नाहीत, ‘तूही ठेवून दे एक’ असंही नाही. लेकराचं मधे न तोडता ऐकतील. कोण, कधी, कुठे, कुणासमोर, हे वहीत लिहून ठेवतील. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देतील आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथं विषय काढतील. मुलांच्या मानसिक छळाला मनाई करणारं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 वाचून दाखवतील. 2022 च्या शासन निर्णयातली, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आपल्या शाळेत कधी बसली होती, हेही विचारतील. गरज पडली तर मुलांच्या मदतीचा 1098 हा फोन लावतील. चिडवणाऱ्या पोराच्या घरीही जातील, त्याला बदडायला नाही, त्याचं काय बिनसलंय ते पाहायला.

समितीच्या पुढच्या सभेला तुम्हीही या. ज्या लेकराला छळलं त्याची आई समोर बसलेली असेल. तुम्हाला काय म्हणायचंय ते तिच्या तोंडावर म्हणा, इतिवृत्तात तुमच्या नावासकट लिहून घेऊ.

बुलडाणा जिल्ह्यातला एक पालक