बॉम्ब कोणाचा, हे विचारून रडणाऱ्यास



एप्रिल २०२५मध्ये तुम्ही येमेनसाठी पहिल्यांदा रस्त्यावर उतरलात. अमेरिकी विमानांनी रास इसा बंदरावरचे तेलसाठे उडवले, त्यात सत्तरहून अधिक माणसे गेली. अकरा दिवसांनी सादा शहरात स्थलांतरितांना कोंडून ठेवलेल्या इमारतीवर बॉम्ब पडला आणि पोटासाठी घर सोडून निघालेले साठाहून अधिक आफ्रिकी मजूर मेले. तुम्ही निषेध केलात, भाषण केलेत, भाषणात तुमचा आवाज कापरा झाला. त्या मजुरांसाठी कुणीतरी बोलायलाच हवे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा राग आहे तो त्याआधीच्या दहा वर्षांबद्दल.

२६ मार्च २०१५ला सौदी अरेबियाच्या आघाडीने हुथी बंडखोरांविरुद्ध येमेनवर हवाई हल्ले सुरू केले. पहिले दोन आठवडे आपल्याकडेही येमेन घरोघर पोचले होते. ‘ऑपरेशन राहत’मध्ये साडेचार हजारांवर भारतीय आणि ४१ देशांचे ९६० नागरिक सुखरूप बाहेर काढले गेले. नौदलाच्या त्या कामगिरीचा मला अभिमान आहे. पण आपली माणसे जिबूतीहून घरी परतली आणि येमेनमधल्या एडन बंदराची बातमी संपली. मागे उरलेल्या पावणेतीन कोटी लोकांचे काय झाले, हे तुम्ही विचारले नाहीत. जगाचे राजकारण समजावून सांगणे हे तुमचे काम, तुम्हाला ऐकायला सभागृहे भरतात. तुम्ही विचारले असते तर ऐकणाऱ्यांनीही विचारले असते.

८ ऑक्टोबर २०१६ला राजधानी सनामध्ये अंत्यविधीसाठी जमलेल्या गर्दीवर विमानांनी बॉम्ब टाकले. सुमारे १४० माणसे मेली. ९ ऑगस्ट २०१८ला दाह्यानच्या बाजारात शाळकरी मुलांची बस थांबली होती. मुले सहलीला निघाली होती. त्या बसवर बॉम्ब पडला, चाळीस मुले मेली. सापडलेल्या तुकड्यांवरून तो अमेरिकी बनावटीचा असल्याचे कळले. आघाडीने आधी ही कारवाई योग्यच होती असे सांगितले, मग काही आठवड्यांनी चूक कबूल केली.

अमेरिकेवरचा तुमचा राग जुना आहे, मला ठाऊक आहे. बॉम्ब अमेरिकेचा होता. मग तुम्ही का उठला नाहीत? मी तुम्हाला तेव्हा विचारले होते. तुम्ही म्हणालात, तो शिया-सुन्नींचा आपसातला मामला आहे, त्यात बाहेरच्याने काय बोलावे. चाळीस मुलांचा निकाल तुम्ही एका वाक्यात लावलात. विमान चालवणारा तुमच्या यादीतला शत्रू नव्हता, म्हणून बसमधली मुलेही तुमच्या यादीत आली नाहीत. तुम्हाला मेलेल्याशी कर्तव्य नसते, तुम्हाला सोयीचा मारेकरी लागतो. आणि येमेनमध्ये सगळ्याच बाजूंना मारेकरी होते, तिथेच तुमची अडचण झाली.

बॉम्बने मेलेल्यांपेक्षा भुकेने आणि रोगराईने मेलेले अधिक, हे तुम्ही कधी ऐकणाऱ्यांना सांगितले का? संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज असा की २०२१ अखेरपर्यंत या युद्धाने सुमारे ३ लाख ७७ हजार जीव घेतले. त्यांतले साठ टक्के भुकेने, अशुद्ध पाण्याने आणि औषधांवाचून गेले. मोठा वाटा पाच वर्षांखालच्या मुलांचा. ही भूक कुठून आली ते नीट पाहा. येमेन आपला जवळजवळ ९० टक्के गहू बाहेरून आणतो आणि उत्तरेचे बहुतेक धान्य होदैदा बंदरातून येते. ऑगस्ट २०१५मध्ये आघाडीच्या विमानांनी त्या बंदरावरच्या क्रेन मोडून टाकल्या. नोव्हेंबर २०१७मध्ये रियाधवर हुथींचे क्षेपणास्त्र आले, तर आघाडीने सगळ्या देशाची बंदरे, विमानतळ आणि सरहद्दी बंद केल्या. सप्टेंबर २०१६मध्ये मध्यवर्ती बँक सनाहून एडनला हलवली, तेव्हापासून शिक्षक, परिचारिका, सफाई कामगार अशा लाखो सरकारी नोकरांचे पगार थांबले. रियाल कोसळत गेला. पुष्कळ ठिकाणी दुकानात गव्हाची पोती होती आणि समोर उभ्या असलेल्या शिक्षकाकडे एक पोते घेण्याइतके पैसे नव्हते. पाण्याचे पंप चालवायला डिझेल नाही, सांडपाणी उपसायला माणसे नाहीत, आणि २०१७च्या एका वर्षात पटकीच्या संशयित रुग्णांचा आकडा दहा लाखांच्या घरात गेला. हा दुष्काळ पाऊस न पडल्याने आलेला नव्हता. माणसांनी कचेरीत बसून, सही-शिक्क्यानिशी आणलेला होता.

सनाचा विमानतळ ऑगस्ट २०१६पासून मे २०२२पर्यंत प्रवाशांना बंद होता. मुंबई-पुण्याकडे उपचाराला येऊ पाहणाऱ्या उत्तरेकडच्या रुग्णाला आधी चौक्या आणि डोंगर ओलांडून एडन गाठावे लागे. तुमच्याच पुण्यात येमेनी विद्यार्थी शिकतात. त्यांतल्या एकाला तरी तुम्ही व्यासपीठावर बसवून घरची खबर विचारली असती, तर या गोष्टी तुम्हाला माझ्याकडून ऐकाव्या लागल्या नसत्या.

आता दुसऱ्या बाजूचे सांगतो, कारण तिथे तुमचे मौन अधिक खोल आहे. ताइझ शहराला हुथींनी वेढा घातला. युद्धापूर्वी पंधरा-वीस मिनिटांत संपणारा रस्ता त्यांनी अडवला आणि लोकांना डोंगरातून पाच-सहा तासांचा फेरा पडू लागला. बाळंतिणींना, डायलिसिसच्या रुग्णांना तोच फेरा. तो रस्ता जून २०२४मध्ये उघडला, नऊ वर्षांनी. हुथींनी शेतांत, विहिरींच्या वाटांवर सुरुंग पेरले, लहान मुलांच्या हातांत बंदुका दिल्या. भुकेल्यांच्या नावाने आलेले धान्य वळवले जात होते, म्हणून जून २०१९मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाला सनातले काही वाटप थांबवावे लागले. यावर तुमचे एक वाक्य मला आठवत नाही.

जगातल्या मोठ्यांनीही असेच तोंड फिरवले, पण त्यामुळे तुम्ही सुटत नाही. २०१६मध्ये मुलांना मारणाऱ्या आणि जायबंदी करणाऱ्यांच्या यादीत संयुक्त राष्ट्रांनी सौदी आघाडीचे नाव घातले आणि काही दिवसांतच काढले. निधी थांबवण्याच्या धमक्या आल्या होत्या, हे बान की-मून यांनी स्वतः सांगितले. ऑक्टोबर २०२१मध्ये मानवाधिकार परिषदेने येमेनमधल्या अत्याचारांचा तपास करणाऱ्या तज्ज्ञ गटाची मुदत २१ विरुद्ध १८ मतांनी वाढवू दिली नाही. दोन्ही बाजूंचे गुन्हे लिहून ठेवणारा तो गट होता. तो बंद पडला त्या आठवड्यात मी तुमचे लेख मुद्दाम पाहिले. एक शब्द नव्हता.

आणि एडन तुम्हाला परके नाही. १७ फेब्रुवारीला तुम्ही वासुदेव बळवंत फडक्यांच्या पुतळ्याला हार घालता. १८७६-७७च्या दुष्काळात माणसे मरताना पाहून तो पेटून उठला होता. इंग्रजांनी त्याला एडनच्या तुरुंगात टाकले, आणि १८८३मध्ये तो तिथेच अन्न सोडून गेला. दुष्काळाच्या चिडीने बंड करणाऱ्याचा वारसा सांगणाऱ्याने त्याच शहराभोवतालच्या दुष्काळाबद्दल दहा वर्षे गप्प राहावे, हे मला सहन होत नाही.

नोव्हेंबर २०२३मध्ये हुथींनी गाझाच्या नावाने तांबड्या समुद्रात जहाजे अडवायला सुरुवात केली आणि तुम्हाला अचानक नायक सापडले. तुमच्या सभेत त्यांच्या नावाचा जयजयकार झाला. गाझातल्या मुलांसाठी तुमचा जीव तुटतो तो खरा आहे, मी त्यावर शंका घेत नाही, माझाही तुटतो. पण गाझाच्या नावाने क्षेपणास्त्र सोडले म्हणून ताइझचा वेढा धुऊन निघत नाही. ज्यांनी स्वतःच्या देशातल्या मुलांची वाट नऊ वर्षे अडवली, त्यांना तुम्ही मुलांचे कैवारी म्हणालात. ताइझच्या आईला हे ऐकवायची तुमची हिंमत आहे का?

जून २०२४पासून हुथींनी संयुक्त राष्ट्रांचे आणि मदत संस्थांचे कर्मचारी डझनावारी पकडून नेले आहेत. बहुतेक येमेनीच. धान्य वाटणारे, लसी पोचवणारे. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांच्यातला जागतिक अन्न कार्यक्रमाचा एक कर्मचारी सादाच्या कोठडीत मेला. अमेरिकेने, सौदीने सुटकेची मागणी केली तर हुथी ती शत्रूची म्हणून फेटाळतील. तुम्ही तर त्यांची बाजू जाहीरपणे घेतलीत, त्यांच्या नावाने टाळ्या मिळवल्यात. तेव्हा मागणी तुम्ही करा. नावानिशी, त्याच व्यासपीठावरून, याच महिन्यात करा. कोठडीत माणूस मरू शकतो हे आता दिसलेले आहे.

तुमचा,
एक जुना श्रोता