उरल्यासुरल्याचे वारस

आमच्या आईच्या लेखी अन्न टाकणं हे पाप आणि मोजकं रांधणं हे दारिद्र्याचं लक्षण. या दोहोंच्या मधोमध, मागीलदारी, आमच्या सहा कोंबड्या राहतात. टोपाच्या बुडाची खरवड, भाकरीचे कडक काठ, पेजेच्या तळाची शितं सगळी त्यांच्याकडे जातात आणि आई मोकळ्या मनाने भांडी घासायला बसते.

पूर्वीच्या गावठी कोंबड्यांचं यावर छान चालायचं. वर्षाला 60-70 अंडी द्यायच्या, मधेच खुडूक होऊन रजेवर जायच्या. शिवाय त्यांचं खरं जेवण बाहेरच उरकलेलं असे. वाळवी, गांडुळं, पाचोळ्यातले किडे हाणून झाल्यावर आमचा भात म्हणजे जेवणावरचा विडा.

मी हौसेने सुधारित जातीच्या तलंगा आणल्या. या वर्षाला दीडशेच्या घरात अंडी देतात. देऊही लागल्या. पण पावसात एका सकाळी अंडं उचलायला गेलो तर ते बोटांखाली दबलं. कवच नाहीच, नुसता पापुद्रा. माल तयार आहे, खोका संपलाय, अशी अवस्था.

पशुवैद्यांनी विचारलं, ‘‘खायला काय घालता?’’

‘‘घरचं,’’ मी अभिमानाने सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग समजावलं : कवच म्हणजे जवळजवळ सगळी चुनखडीच. एका अंड्याला दोनेक ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि कवच चढायला वीस तास. भातात ते कुठून येणार? आहारात कमी पडलं की कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. (हे ऐकताना आई माझ्याकडे बघत होती.)

मग खाद्याचं पोतं आलं. सोळा-सतरा टक्के प्रथिनं, कोंबडीमागे दिवसाला साधारण 110 ग्रॅम. मी स्वयंपाकघरातला काटा घेऊन मोजून वाढलं. कोंबड्यांनी ते एका डोळ्याने पाहिलं, मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने खात्री केली आणि रांगेने स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आई काही बोलली नाही. तिला गरजच नव्हती.

मी नियम सांगितले. पापड, लोणचं, सुकी मासळी बंद, कारण मीठ बाधतं. बुरशी आलेलं बंद. बटाट्याची हिरवी सालं बंद. मिरची मात्र चालते, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. इतकी वर्षं आई आमटीचा भात धुऊन घालत होती, ते श्रम वाया गेल्याचं तिला फार लागलं. तिच्या बंदोबस्तासाठी मी शेवटचा दाखला काढला : इंग्लंडमध्ये घरच्या कोंबड्यांना स्वयंपाकघरातलं उरलेलं घालायला कायद्यानेच बंदी आहे.

‘‘मगे तिकडे उरलेलो भात खंय घालतत?’’ आईने विचारलं. साहेबांच्या देशाबद्दल तिला पहिल्यांदाच दया आली असावी.

शेवटी तह झाला. सकाळी पोटभर खाद्य, संध्याकाळी मूठभर घरचं. अंड्यांची टरफलं भाजून बारीक कुटायची. ओळखू येतील अशी घातली तर कोंबड्यांना स्वतःचीच अंडी फोडून खायची चटक लागते. तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या कुटायचं काम माझं. आता अंडी अशी टणक झाली आहेत, की ऑम्लेट करताना बायको ती ओट्यावर दोनदा आपटते.

मीही शहाणपणा करून घरचा तांदूळ मोजून काढू लागलो. आठवडाभर टोप लख्ख रिकामे. परवा संध्याकाळी पाहिलं तर आई तांदूळ धुताना मी काढलेल्या मापावर आणखी दोन मुठी टाकत होती.

‘‘अगं, आपण चौघंच आहोत. एवढा भात कशाला?’’

‘‘उराक नको?’’ ती म्हणाली.