सोसायटीच्या 'सौभद्रा'ची पात्रनिवड

गणेशोत्सवात सोसायटीने संगीत नाटक बसवायचे ठरवले की ते बहुधा 'सौभद्र' असते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आले आणि अजून उतरायला तयार नाही. त्यात पदे शंभराच्या वर आहेत, पात्रे त्या मानाने बेताची; कमिटीकडे नेमका याच्या उलट साठा असतो. पात्रनिवडीचे शास्त्र या व्यस्त प्रमाणातून जन्माला आले.

चाचणी चतुर्थीच्या दीड महिना आधी, रविवारी सकाळी, पार्किंगशेजारच्या हॉलमध्ये घ्यावी. साहित्य : एक पेटी, एक तबला, पोह्यांचे पातेले आणि तीन परीक्षक. त्यांपैकी एकाला गाणे कळत असल्यास हरकत नाही, मात्र तो अल्पमतात राहील अशी दक्षता घ्यावी.

उमेदवार आल्याआल्या घसा बसल्याचे सांगतो. हे निवेदन नांदीसारखे असते, ते अडवू नये. मग तो ज्येष्ठमधाची काडी गालात सरकवतो आणि पट्टी विचारल्यावर "कुठलीही चालेल" म्हणतो. पेटीवाला काळी एक देतो, उमेदवार पांढरी दोनमध्ये सुरू होतो, अंतऱ्याला दोघांची गाठ पडते न पडते तोच खिशातला मोबाइल तिसऱ्याच सुरात वाजतो. अशा उमेदवाराला नापास करण्याची घाई नको. त्याच्या नावापुढची वर्गणी आधी पाहावी.

खरी कसोटी सुभद्रेची. किर्लोस्करांनी भाऊराव कोल्हटकरांना त्यांच्या गळ्यासाठी बडोद्याहून आणले आणि सुभद्रा त्यांच्याकडे सोपवली. सोसायटीची हद्द बी विंगपाशी संपते. त्या हद्दीत गाणाऱ्या दोन असतात : एक कॉलेजात जाणारी, जिला खरोखर गाता येते, आणि दुसरी अध्यक्षांची सून. तालमींमुळे अभ्यास बुडेल, ही काळजी पहिलीच्या आईवडिलांआधी कमिटीला वाटू लागते. मुलीला रुक्मिणी द्यावी आणि सुभद्रेची अवघड पदे "वेळेअभावी" गाळावीत. असे केल्याने अध्यक्ष, परीक्षक आणि पेटीवाला तिघेही सुखी होतात.

घटोत्कचाची निवड गाण्यावर करू नये. त्याला झोपलेली सुभद्रा उचलून अरण्यात न्यायची असते. त्यासाठी पंचवीस किलो तांदळाची गोणी घेऊन दोन जिने चढण्याची चाचणी पुरेशी आहे. सुभद्रेचे वजन विचारू नये. गोण्यांची संख्या मनातल्या मनात वाढवावी. कंबरेचा पट्टा रंगभूषेच्या खर्चात दाखवता येतो.

अर्जुनाला नाटकात संन्याशाचा वेष घ्यावा लागतो, त्यामुळे टक्कल असलेल्यांनाही संधी आहे. नारदासाठी चिपळ्या ज्याच्या घरी आहेत तो घ्यावा. कृष्ण सेक्रेटरीच होतो. त्याची चाचणी झाल्याची नोंद कुठल्याही सोसायटीत सापडणार नाही.

उरलेल्यांना "तुमची निवड झाली नाही" असे सांगण्याची पद्धत नाही, कारण त्यांच्याकडून मांडवाचे पैसे अजून यायचे असतात. त्यांना नांदीत घ्यावे. नांदीला माणसांची मर्यादा नसते, फळ्यांना असते. तेव्हा मांडववाल्याला आधी विचारावे. गेली दोन वर्षे न गाता आल्याची तक्रार करणारे काका मधोमध उभे करावेत, पण माइकपासून दूर.

बलरामाची निवड शेवटी आणि शांतपणे करावी. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. उशिरापर्यंतची परवानगी वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते आणि ते दिवस विसर्जनाकडे जातात. नाटक साडेसातचे असेल तर भाषणे आणि सत्कार आटोपून नऊला सुरू होते. सुभद्राहरणाची बातमी ऐकून बलराम संतापतो तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. म्हणून या भूमिकेला पाण्याचा टँकर आला की चौथ्या मजल्यावरून वॉचमनला हाक मारणारे गृहस्थ घ्यावेत. त्यांना माइक लागत नाही.