दोन्हीकडले सर

निवृत्त झालेले पी.टी.चे सर प्रत्येक गावात एक तरी असतातच. शाळा सुटते, गळ्यातली शिट्टी सुटते, हुकूम सोडायची खोड मात्र सुटत नाही. कुणाची ढेरी दिसली की ते सूर्यनमस्कारांचा आकडा सांगून मोकळे होतात. आमच्या जळगावकडच्या सावद्यातल्या सरांची तऱ्हा याहून निराळी. त्यांना समोर सबंध माणूस दिसतच नाही. डावा अर्धा आणि उजवा अर्धा असे दोन भाऊबंद दिसतात, आणि त्यांतल्या उजव्याने डाव्याचं वावर दाबलेलं दिसतं. म्हणून गाव त्यांना ‘दोन्हीकडले सर’ म्हणतं.

शाळेत असताना त्यांची छडीही न्यायाने चाले. दोन डाव्या हातावर, दोन उजव्या. तीन छड्यांचा गुन्हा त्यांच्या हिशोबात बसत नसे, म्हणून चौथी आपसूक पदरात पडे. आज पन्नाशीला आलेले केळीचे व्यापारी अजून त्या चौथीचा हिशोब मागतात. मुजुमदारांच्या बडोद्याच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सरांच्या दिवाणखान्यात आहेत; पाच डाव्या फळीवर, पाच उजव्या. मधला एखादा कुणी वाचायला नेला, तर परत येईपर्यंत समोरच्या फळीवरचाही एक खाली उतरतो. शेजारच्या फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, नंदलाल बोसांनी बांबूंनी सजवलेलं ते. त्या मांडवाचे बांबू आपल्या वडिलांनी वाहिले आणि दर फेरीला खांदा बदलला, असं सर सांगतात. बांबूचं खरं असेल. खांद्याचा साक्षीदार कुणी उरलेला नाही.

बरं, माणूस चुकीचं बोलत नाही, हीच पंचाईत. मुद्गलांची जोडी असते ती उगीच नाही. एकाच बाजूने डाव टाकणारा पैलवान दुसऱ्या कुस्तीत ओळखला जातो. एका खांद्याला पिशवी अडकवणाऱ्याची पाठ चाळिशीत कुरकुरायला लागते. हे सगळं आम्हाला पटतं. पटलेलं पुन्हा पुन्हा ऐकायचा कंटाळा येतो, इतकंच.

केळीची कापणी सुरू झाली की सर बांधावर हजर. मजूर वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन ट्रककडे निघाला की हे मागून, “खांदा बदल!” वाटेत खांदा बदलताना घड आपटला तर माल काळा पडतो, आणि काळ्या मालाला दिल्लीवाला भाव देत नाही. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात खांद्यांचा उल्लेख नाही. मालक हात जोडतो. मजूर मात्र सरांना पुरून उरला. म्हणाला, “सर, हा खांदा शिकेल हाये. तो अडानी.”

“म्हणूनच त्याले शाळेत घालायचा!” सर म्हणाले.

सरांच्या तत्त्वाची खरी परीक्षा जेवणात होते. डाव्या हाताने जेवायची प्राज्ञा नाही. काकू ताट उचलतील. तेव्हा सरांनी तह केला: घास उजव्याचा, कष्ट डाव्याचे. त्याची झळ आम्हाला हिवाळ्यात भरीत पार्टीला बसते. मळ्यात काड्यांच्या जाळावर पांढरट-हिरवी वांगी भाजून झालेली, सालं निघालेली, मिरच्या, लसूण, कांद्याची पात तयार, कळण्याच्या पुऱ्या तेलात फुगताहेत, आणि लाकडी बडगीतलं भरीत ठेचायचा मान सरांकडे. वीस ठोके उजव्याने, वीस डाव्याने. डाव्याचे ठोके अर्धे बडगीत, अर्धे कडेवर. एखादा तरी मोजणीत चुकलाय असं वाटलं, की दोन्ही हातांचे पुन्हा पहिल्यापासून. भुकेने कासावीस झालेली पंचवीस माणसं मनातल्या मनात सरांबरोबर मोजत असतात. मोठ्याने मोजावं तर आकडा चुकला म्हणतील. भरीत मात्र लोण्यासारखं होतं, हेही सांगायला हवं.

यंदा दिवाळीला पुण्याहून सरांचा पुतण्या आला तो चार चाकांची लांब फळी आणि पुरुषभर उंचीची काठी घेऊन. फळीवर उभं राहायचं आणि नावाडी जसा वल्हवतो तशी काठी रस्त्यावर टेकून स्वतःला पुढे ओढायचं. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर केळीचे ट्रक जगू देणार नाहीत, म्हणून त्याने घरापुढची काँक्रीटची गल्ली धरली. सर ओट्यावर. दोन मिनिटांत त्यांचे डोळे चमकले. पोरगा सगळी वल्ही उजवीकडेच मारत होता.

“काय करू राह्यला भो? डावीकडून मार! वरचा हात खाली, खालचा वर!”

पोराने बाजू बदलली, फळी वाकडीतिकडी झाली, कसाबसा सावरला.

“आता पाय बदल! उजवा पुढे!”

पाय बदलताच पोरगा शेजारच्यांच्या रांगोळीत बसला. शेजारीण बाहेर आली. सर म्हणाले, रांगोळी एकाच बाजूने पुसलीय, दुसरीही पुसून टाका म्हणजे सारखी दिसेल.

पुतण्या शिकलेला. कपडे झटकत म्हणाला, “काका, याची गरजच नाही. 1894 साली अमेरिकेत येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या माणसाने दाखवलंय. एकाच हाताला व्यायाम दिला तरी दुसऱ्याचीही ताकद थोडी वाढते. मेंदूतून जातं ते. प्लॅस्टरमधल्या हातासाठी डॉक्टर आजही वापरतात.”

सर गप्प झाले. गल्लीने असं दृश्य पाहिलं नव्हतं. ते आत गेले, मुद्गलांकडे पाहत बराच वेळ उभे राहिले आणि बाहेर आले ते चिडूनच.

“म्हणजे माझ्या उजव्याने डाव्याले दिलं, डाव्याने उजव्याले दिलं. साठ वर्षं! मंग मही ताकद दुप्पट पाहिजे का नही? गेली कुठं ती?”

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “जिभेत.”