किट वेगळं

संकटात लुबाडणाऱ्यांना कायद्याचा धाक नाही, असं कृपया कोणी म्हणू नये. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आपल्याकडे १९५५ सालापासून आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैदेची सोय आहे. कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, मास्क आणि सॅनिटायझरलाही त्या यादीत मानाचं पान मिळालं. तीन पदरी मास्क १० रुपये, सॅनिटायझरची २०० मिलिलिटरची बाटली १०० रुपये. भाव बांधले आणि माल संपला. योगायोग, दुसरं काय!

पण आमचा जीव जडला तो खासगी रुग्णालयांच्या दरपत्रकावर. मे २०२० मध्ये महाराष्ट्रात ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. दिवसाला साधा वॉर्ड ४००० रुपये, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटरसह ९०००. आणि अपवादांत पीपीई किट. मिसळीच्या दुकानात ‘पाव वेगळा’ लिहितात ना, तसं.

बस्स. कायद्याने दार लावलं आणि खिडकीला किट टांगून ठेवलं. वॉर्डात दहा खाटा. सिस्टर एक किट चढवून आत शिरणार, दहाही जणांचा ताप बघणार, बाहेर येऊन किट उतरवणार. किट एक, बिलं दहा, आणि दहाही बिलांत ते अख्खं! एकच तत्त्व सर्वांभूती भरून उरतं, हे संतांनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. बिलिंग काउंटरने पटवून दिलं. मग डॉक्टरांचं किट, एक्स-रेवाल्याचं किट, फरशी पुसणाऱ्या मावशींचं किट, जेवणाचा डबा आत सरकवणाऱ्याचं किट. मोजायचं कोणी? नातेवाइकांना आत मज्जाव. किती किटं आली आणि गेली याचा एकुलता एक साक्षीदार तोंडात नळी घालून पडलेला. बाहेर त्याचा भाऊ काउंटरवर विचारतो, “एका दिवसात इतकी किटं?” उत्तर येतं, “प्रोटोकॉल आहे, काका.” मग बिलं तपासायला लेखापरीक्षक आले. त्यांनी कागद तपासले. कागदावर किट होतंच.

यावरही काही विद्वान सांगतात की मुळात भाव बांधणंच चूक. भाव चढू द्यावेत, चढले की पुरवठा आपसूक धावत येतो. येत असेल. मास्कचा आलाही. पण रात्री दोन वाजता आयसीयूची खाट कुठून धावत येणार होती, हे या मंडळींनी एकदा सांगावं. ती चालवणारी सिस्टर काय भाव चढला म्हणून पहाटेपर्यंत शिकून तयार होणार होती? पुरवठा येईपर्यंत दम धरा, असं व्हेंटिलेटरवरच्या माणसाला सांगायला यांच्यातला एकही फिरकला नाही. त्याच्याकडे दमच नव्हता! घरच्यांनी बाईच्या अंगावरचं सोनं सराफाकडे ठेवून पैसे भरले. त्याला बाजारपेठेचा संकेत म्हणायला जीभ रेटते कशी? आणि आधी पैसे, मग मृतदेह, हा हिशोब कोणत्या मागणी-पुरवठ्याच्या आलेखात बसतो? असो. रक्तदाब वाढतो आणि तो मोजायला कोणी आलं तर पुन्हा किट लागेल.

पुढे किटाच्या पैशांवरही मर्यादा आली. तोवर बिलात नवी ओळ उगवली होती: ‘जैववैद्यकीय कचरा विल्हेवाट’. म्हणजे तेच किट, उतरवल्यानंतरचं.