बारा म्हणतात, आठच आहेत

मेलबर्न, जानेवारी

तीर्थरूप आईस,


बाबांना समुद्र दाखवून आणलं. जेवण वेळेवर झालं का, हे तू आधी विचारशील. नाही झालं, आणि त्याला सूर्य जबाबदार आहे. इथं सध्या उन्हाळा, पावणेनऊपर्यंत सूर्य हलत नाही. दिवस बुडाल्याशिवाय प्रार्थना नाही अन् प्रार्थनेशिवाय ताट नाही, हा तुकडोजी महाराजांच्या मोझरीतला नियम बाबांनी अपोलो बेच्या भाड्याच्या घरातही लावला. सगळे पर्यटक सूर्यास्ताचे फोटो काढत होते. आमचा चिनू त्याच सूर्याला "बुड ना बाप्पा लवकर" म्हणून विनवत होता.

आम्ही ठरवून आरामासाठी निघालो होतो. बाबांना तेच पटेना. "आराम कराले इतक्या दूर कायले आलो? आराम तं खाटेवर होते. महाराज 1955 साली जपानले गेले, ते काय आराम कराले?" यावर सूनबाईनं गाडीची काच खाली केली आणि वारा आत घेतला.

पण रस्त्याची गोष्ट सांगितल्यावर बाबा सावरून बसले. टॉर्कीपासून किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारा हा 240 किलोमीटरचा ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी बांधला, 1919 ते 1932. कडे फोडले ते बहुतेक कुदळ-फावड्यानं. मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून हा अख्खा रस्ताच. "म्हंजे श्रमदान!" बाबा खूश. मजुरी मिळत होती म्हटल्यावर चेहरा थोडा उतरला, पण "लढून आले अन् बसून नाही राह्यले, हे चांगलं केलं" असा निकाल मिळाला. रस्ता खोदणाऱ्या सैनिकांचा पुतळा आहे, त्याच्याजवळ बराच वेळ उभे होते. फावडं बरोबर धरलंय म्हणाले.

सकाळी वाळूवर ग्रामसफाईला निघाले, तर उचलायला काहीच नाही. शेवटी एक चॉकलेटचा कागद सापडला तेव्हा चैन पडलं. कुत्र्यामागं पिशवी घेऊन हिंडणारे, त्याची घाण स्वतः उचलणारे साहेब लोक पाहून मात्र त्यांनी हात जोडले. हे मंडळात सांगणार आहेत. तू आधी सांगू नकोस.

मग ते प्रसिद्ध ट्वेल्व्ह अपोस्टल्स. समुद्रात उभे चुनखडीचे सुळके, 45 मीटरपर्यंत उंच, संध्याकाळी सोन्यासारखे. बाबांनी बोटानं मोजले. पुन्हा मोजले. "बारा कुठं हायेत?" बारा कधीच नव्हते, हे मी सांगितलं. नऊ होते, त्यातला एक 2005 च्या जुलैत कोसळला. लाटा तळ खात राहतात. "बारा नावावर अन् आठ जाग्यावर? सातबारा पाह्यला कोणी?" त्यांच्या मते हे तलाठ्याशिवाय होऊच शकत नाही. जवळच एक नैसर्गिक दगडी पूल होता. 1990 साली त्याची किनाऱ्याकडची कमान पडली तेव्हा दोघं जण पलीकडच्या तुकड्यावर अडकले, हेलिकॉप्टरनं काढावे लागले. हे ऐकल्यापासून बाबा कठड्यापासून चार हात लांब, आणि चिनूची कॉलर त्यांच्या मुठीत.

इथून सरळ दक्षिणेला गेलं की एकदम अंटार्क्टिका. "मधी एकही गाव नाही?" नाही. हे त्यांना फार वाईट वाटलं.

तुझा ठेचा पुरला. वाऱ्यात भाकर हातात टिकेना, पण ठेच्याला इथल्या थंडगार किनाऱ्यावर जी चव आली ती घरातही येत नाही, असं सूनबाईचं मत आहे.

तूर काढून झाली का? संत्र्याचा ताण तोडण्याआधी बाबांना फोन कर, नाहीतर ते तिकीट अलीकडचं करतील.

तुझा,
बाळू

ता. क. बाबांच्या हातचं: समुद्र पाह्यला. लय मोठा हाय. पाणी खारं, ओलिताच्या कामाचं नाही. मोटारीचा फ्यूज पाहून घेजो.