श्रवणभक्तीचे लॉगबुक

भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये आमच्या कुटुंबाचे वास्तव्य गेली साठ-बासष्ट वर्षे आहे, आणि ज्या वस्तीच्या नावातच 'कॅम्प' आहे ती मुळात तात्पुरती होती हे शाबीत करण्यासाठी कोणा इतिहासकाराची साक्ष काढण्याची जरुरी नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी हिंदुस्थान सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये पोलाद कारखान्याचा करार झाला, पाठोपाठ मजूर, गवंडी, फिटर आणि कारकून यांच्या टोळ्या देशाच्या चारी कोपऱ्यांतून येथे उतरल्या आणि त्यांच्यासाठी छावण्या पडल्या. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, कारखाना कायम झाला, कामगार कायम झाले, पुढे २००० साली मध्य प्रदेशाचे छत्तीसगडसुद्धा झाले, परंतु छावणी मात्र दफ्तरात आणि लोकांच्या तोंडी छावणीच राहिली. या वस्तीत आमच्या घराची पूर्वेकडची भिंत ही श्रीकाकुळमहून आलेल्या अम्मांची पश्चिमेकडची भिंत आहे, आणि आमची पश्चिमेकडची भिंत ही बलियाच्या पंडितजींची पूर्वेकडची. भिलाईला लोक कौतुकाने लघुभारत म्हणतात. त्या भारताचे प्रांत आमच्या गल्लीत साडेचार इंची विटेने विभागलेले आहेत आणि त्या विटेतून फोडणीचा वास, भांडण आणि पंचांग या तिन्ही गोष्टी बिनतक्रार आरपार जातात, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व अनर्थाचे मूळ तेथे आहे.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरांनी तिच्या वाचनावर काही आठवड्यांची जप्ती आणली. छ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईचे वाचन म्हणजे सकाळी पोथी, दुपारी मासिक आणि पूर्ववयात, माझ्या वडिलांची नजर चुकवून, हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे 'झुंजार' आणि 'काळापहाड'. अशा व्यक्तीस रिकामे बसविणे म्हणजे तिच्या सुनेस कामाला लावणे होय, हे सुनेच्या तात्काळ लक्षात आले व तिने पुण्यास चिरंजीवांकडे दरखास्त रवाना केली. चिरंजीव दिवाळीस आले ते मोबाइलमधील बोलक्या पुस्तकांच्या एका भांडाराचे वर्षभराचे सभासदत्व आणि मुठीएवढी एक वाजती पेटी घेऊन. स्वीडनमध्ये २००५ साली निघालेली स्टोरीटेल २०१७ साली मराठीसह या देशात आली, आणि तशी आणखीही दुकाने आहेत. आमचे दुकान कोणते हे मी सांगणार नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

त्या भांडारात संतचरित्राच्या शेजारी नवऱ्यास विष घालणारी गृहिणी नांदत होती, तिच्या खाली पानिपत, पानिपताच्या खाली मधुमेह, आणि मधुमेहाला लागून तिशीच्या आत कोट्यधीश कसे व्हावे याचा उपदेश; हा उपदेश मी चौसष्टाव्या वर्षी, भविष्यनिर्वाह निधीचे व्याज बोटांवर मोजीत, चार प्रकरणांपर्यंत श्रद्धेने ऐकला. परंतु घराला वेड लावले ते क्रमशः चालणाऱ्या कादंबऱ्यांनी. चाळीस-चाळीस भागांच्या त्या कथा अशा बेताने तोडलेल्या असतात की नायकाने दाराच्या कडीला हात घालावा आणि भाग संपावा. माझी हयात रेल मिलमध्ये गेली. आमच्या कारखान्यात १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो, सांधून तो २६० मीटरचा करतात, आणि रूळ कोठे कापावा व कोठे कापू नये याला कायदे आहेत. कादंबरी कोठे कापावी याला मात्र कायदा नाही, किंवा असलाच तर तो निर्दय आहे. अर्थात ही वहिवाट नवी नव्हे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो' हप्त्याहप्त्याने दिली, तेव्हा पुण्यातल्या किती घरांत पुढील अंकाच्या प्रतीक्षेत दूध उतू गेले असेल याची नोंद वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ठेवलेली नाही.

आईचा पहिला आक्षेप तत्त्वाचा होता. सर्व भाग एकदम हजर असणे तिला अशिष्ट वाटले. १९५५ साली ती सतरा वर्षांची, पुण्यास मावशीकडे होती, आणि त्या वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या मुहूर्तावर, पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले. दर आठवड्यास एक याप्रमाणे छप्पन गीते, पुढच्या वर्षाच्या एप्रिलपर्यंत. "रामाला वनवासातून परत यायला आम्ही वर्ष दिलं," ती म्हणाली, "आणि तुमच्या या बयेला चाळीस दिवसांचाही धीर नाही?" बया म्हणजे त्या कादंबरीची नायिका. शिवाय आईच्या काळी श्रवण ही सरकारमान्य बाब होती: रेडिओ बाळगण्यास पोस्टाचा परवाना लागे, त्या परवान्याच्या पुस्तकात दरसाल तिकिटे चिकटवून शिक्का मारून घ्यावा लागे, आणि आमचे वडील ते पुस्तक रेशनकार्डाच्या वर आणि माझ्या गुणपत्रिकेच्या फार वर, पत्र्याच्या पेटीत ठेवीत. विनापरवाना ऐकलेली कादंबरी तिला थोडीशी चोरीचीच वाटे. तरीपण दाराच्या कडीवर नायकाचा हात तसाच ठेवून निजणे तिलाही जमेना, आणि तिसऱ्या रात्री तत्त्व तहकूब झाले.

दुसरा आक्षेप वेगाचा. चिरंजीव सर्व पुस्तके दीडपट वेगाने ऐकतात, म्हणजे वीस तासांची कादंबरी तेरा तास वीस मिनिटांत उरकतात, आणि वाचलेल्या वेळात काय करतात असे विचारले तर दुसरी कादंबरी दीडपट वेगाने ऐकतात. त्यांनी वेग तसाच ठेवून पुण्यास प्रयाण केले, त्यामुळे पहिले दोन दिवस आमच्या घरी जिजाबाई शिवबांना ज्या लगबगीने उपदेश करीत होत्या ती पाहता गाडी सुटण्याची वेळ झाली असावी असेच वाटे. मग आईच्या आग्रहावरून मी वेग पाऊणपट केला. आता तीच कादंबरी सव्वीस तास चाळीस मिनिटांची झाली, आणि प्रत्येक सरदार, अगदी ब्रह्मवृंदसुद्धा, नुकतेच कोठून तरी पिऊन आल्याप्रमाणे बोलू लागले. अखेर एकपट वेगावर तह झाला.

खरा प्रश्न याहून बिकट होता. सभासदत्व एक, मोबाइल एक, कादंबरी एक आणि ऐकणारी माणसे तीन. यंत्र फक्त शेवटच्या श्रोत्याचे ठिकाण लक्षात ठेवते. सकाळी कुटुंब, म्हणजे आईची सून, पिठाच्या डब्यावर पेटी ठेवून स्वयंपाक करता करता दोन प्रकरणे पुढे जाई. दुपारी आई पेटी लावी तो खून होऊन प्रेताची उत्तरीय तपासणीही आटोपलेली असे. आणि रात्री मी लावावे तर आईस दुपारी डुलकी लागल्यामुळे यंत्र आपल्या मर्जीने चार प्रकरणे चालून गेलेले असे. एका घरात एकाच माणसाचा खून तीन वेळा होऊ लागला आणि प्रत्येक वेळी संशयित वेगळा. आठवडाभराच्या कलहानंतर मी माझ्या चाकरीच्या अनुभवाची मदत घेतली. कारखान्यात सहा, दोन आणि दहा वाजता शिफ्ट बदलते, आणि जाणारा माणूस येणाऱ्यास चार्ज देतो: यंत्र कोणत्या स्थितीत आहे, काय बिघडले, काय करावयाचे राहिले, हे लॉगबुकात लिहून, सही करून मगच गेटाबाहेर पडायचे. त्याच धर्तीवर मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले आणि घरात फर्मान काढले. फर्स्ट शिफ्ट कुटुंबाची, सेकंड शिफ्ट आईची, नाइट शिफ्ट माझी.

ही व्यवस्था निर्दोष होती; दोष माणसांत निघाला. रकाना होता 'प्रकरण व मिनिट' एवढाच, परंतु कुटुंबाने पहिल्याच दिवशी शेऱ्याचा रकाना आपल्या अधिकारात वाढविला. नोंद अशी: "प्र. ११, मि. २३. नायिका विहिरीपाशी. उडी मारणार असे वाटते. कुकर झाला म्हणून थांबवले." ही वाचून सेकंड शिफ्टने, म्हणजे आईने, जेवण अर्धवट टाकले. आईला लिहिणे वर्ज्य असल्याने ती मला मजकूर सांगे व मी लिही: "प्र. १२ संपूर्ण. उडी मारली नाही. पाणी भरायला गेली होती. सूनबाईने उगाच जिवाला घोर लावला." नाइट शिफ्टच्या, म्हणजे माझ्या, नोंदी संक्षिप्त आहेत, आणि वही तपासल्यास दिसून येईल की सलग नऊ रात्री मी प्र. १४, मि. ६ येथेच आहे. रात्री आपोआप बंद होण्याची सोय त्या यंत्रात आहे, तशीच ती माझ्यातही आहे, आणि माझी अधिक तत्पर आहे. क्यूबातील चिरुटाच्या कारखान्यांत १८६५ पासून पगारी वाचक उंच आसनावर बसून कामगारांना कादंबऱ्या वाचून दाखवीत, आणि त्यांच्या ओढीने तेथील एका प्रसिद्ध चिरुटास ड्यूमाच्या मॉन्टे क्रिस्टोचे नाव मिळाले, असे मी कुटुंबास सांगितले; त्यावर ती म्हणाली की तिकडचे कामगार जागे असावेत.

मध्यंतरी एक अरिष्ट आले. या पेटीचे आणि मोबाइलचे सूत जुळविणाऱ्या विद्येस ब्लूटूथ म्हणतात, आणि ते दहाव्या शतकातील हाराल्ड नामक एका डॅनिश राजाचे टोपणनाव आहे. विखुरलेल्या टोळ्या त्याने एका छत्राखाली आणल्या अशी त्याची ख्याती. त्याचे साम्राज्य आमच्याकडे सुमारे दहा मीटर पसरते, आणि आमचे घर सात मीटर लांब आहे. पंडितजींनी पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून नेमकी तशीच पेटी आणली होती. परिणामी एका रविवारी, शिवकालीन कादंबरीतले मावळे दोराने कडा चढत असता आणि घरात आम्ही तिघे श्वास रोखून बसलो असता, आमच्या पेटीतून एकाएकी भोजपुरी लग्नगीत सुरू झाले, आणि त्याच क्षणी आमचे मावळे पलीकडे पंडितजींच्या घरात गडावर पोहोचले. तेथे नातीला पाहण्यास मंडळी आली होती. 'कापा!' ही किल्लेदाराच्या पहाऱ्यास उद्देशून दिलेली आरोळी ऐकून मुलाच्या मामांनी हातातला लाडू बशीत परत ठेवला. सोयरीक जमली, ही ईश्वराची कृपा. परंतु तेव्हापासून पंडितजी मला पाहताच 'जय शिवाजी' म्हणतात आणि त्यात आदर किती व तक्रार किती हे मला अद्याप उकललेले नाही.

अम्मांचे प्रकरण निराळे. पूर्वेच्या भिंतीतून चाळीस वर्षे त्यांच्या कानावर मराठी पडत आहे. त्यांना ती बोलता येत नाही, पण आमच्या घरात कोणाचे कोणाशी बिनसले आहे हे त्यांना आमच्याआधी कळते. आईला ऐकताना हुंकार द्यायची सवय आहे. 'हं', 'मग?', 'अगं बाई!' असे ती त्या पेटीला म्हणते आणि पेटी थांबत नाही म्हणून रागावते. ही सवय पोथीची, पण पक्की झाली ती या मुलखात. येथून जवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई, ज्या आमच्याच पोलाद कारखान्यात नोकरीस होत्या आणि ज्यांना २०१९ साली पद्मविभूषण मिळाले, त्यांची पंडवानी, म्हणजे महाभारतकथेचे गायन, आईने पुष्कळ वेळा ऐकली आहे: हातातला तंबुरा पाहता पाहता भीमाची गदा होतो, आणि शेजारी बसलेला 'रागी' प्रत्येक वाक्याला हुंकारी भरून, मध्येच भाबडे प्रश्न विचारून, कथा पुढे ढकलतो. आईच्या मते चिरंजीवांच्या यंत्रात सर्व काही आहे, रागी नाही. ती जागा तिने स्वतःकडे घेतली, आणि एके दुपारी भिंतीपलीकडून दुसरा हुंकार आला.

दुसऱ्या दिवसापासून अम्मा सेकंड शिफ्टला हजर होऊ लागल्या. निवडायच्या तांदळाचे सूप घेऊन त्या उंबऱ्याच्या आत बसतात. निवेदक मराठीत सांगतो, आई मोडक्या हिंदीत खुलासा करते, अम्मा तेलुगूत निकाल देतात. विहिरीपाशी गेलेली नायिका पाणी भरायलाच गेली आहे हे त्यांनी आधीच सांगितले होते म्हणे, कारण जीव द्यायला जाणारी बाई कळशी घासून नेत नाही. गेल्या मंगळवारी आईला ताप होता म्हणून सेकंड शिफ्टचा चार्ज अम्मांनी एकटीने सांभाळला. संध्याकाळी मी वही उघडली तर 'प्रकरण व मिनिट' या रकान्यात, माझ्या आखलेल्या रेघेबाहेर पाऊलही न टाकता, गोल गोल तेलुगू अक्षरांत एक संपूर्ण ओळ होती, खाली सही. आमच्यापैकी कोणाला ती वाचता येईना. मी वही घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो, दुकानदार विजयनगरमचे. त्यांनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली आणि मला हिंदीत सांगितली: प्रकरण ३१ ऐकून झाले, ३२ मी आल्याशिवाय लावू नये.

मी अजून प्र. १४, मि. ६ येथेच आहे.